दोन वागियेम, एक ओळ

वासिसला नाव एकच. आमच्याकडे बहुतेकांना एकच असतं, आणि एका माणसाला एक नाव पुरतं. पण शहरातल्या ज्या कंपनीत तो वेबसाइटी बांधायच्या कामाला लागला, तिथल्या संगणकाला दोन लागत. पहिल्या चौकोनात नाव, दुसऱ्यात आडनाव. दुसरा चौकोन रिकामा सोडला की लाल अक्षरं उमटत आणि पुढे जाताच येत नसे. वासिसने दुसऱ्यातही वासिस लिहून टाकलं. तेव्हापासून गळ्यातल्या ओळखपत्रावर तो वासिस वासिस झाला. गावी आला की आम्ही विचारायचो, "काय रे, एकटाच आलास? दुसरा वासिस कुठे ठेवलास?" तो मान मागे टाकून हसायचा. ते हसणं मी गेल्या तीन वर्षांत ऐकलेलं नाही.

मी रंगारी. आमच्या सेंदांगलोवोत बायका मेणाने कापडावर लिहितात आणि मी ते कापड निळीच्या पिंपात बुडवतो. माझ्या बापाचे हात कोपरापर्यंत निळे होते, माझेही आहेत. माझ्या पिंपांपासून वासिसची पडवी हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्यापुढे दोन घरं सोडून म्बाह वागियेमचं घर. म्बाह म्हणजे आजी. ती वासिसची रक्ताची कुणी नव्हे. वासिस दोन वर्षांचा असताना त्याची आई हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला गेली ती तिकडचीच झाली. बाप वाळूच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. पोराला कुणीतरी सांभाळायचं म्हणून वागियेमने सांभाळलं. मेणाची कढई चुलीवर उकळत असायची आणि पोर तिकडे रांगत जाऊ नये म्हणून ती त्याच्या कमरेला जुना शेला बांधून दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. पोर हललं की अंगठा ओढला जायचा. तिच्या कापडावर कुठे रेघ थरथरलेली दिसली की आम्ही म्हणायचो, इथे वासिस हलला.

तिच्यासारखा हात या पट्ट्यात दुसरा नव्हता. तांब्याची चिमुकली तोटी असलेली लेखणी, तिला आम्ही चांतिंग म्हणतो, ती मेणात बुडवायची, तोटीवर हलकी फुंकर मारायची आणि कापडावर टेकवायची. फुंकर जरा कमी पडली तर मेण थिजतं, जास्त पडली तर थेंब ओघळतो. म्हातारपणी तिने स्वतःसाठी एक कापड मांडलं होतं. स्लोबोग नावाची नक्षी, बारीक त्रिकोण आणि त्यांच्या पोटात ठिपके. माणूस गेलं की त्याच्या अंगावर आमच्याकडे हे कापड पांघरतात, वाट मोकळी व्हावी म्हणून. ते आपल्याच हातचं असावं एवढी एकच हौस तिला उरली होती. निम्मं झालं तेव्हा तिला ठिपके दिसेनासे झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"दुसऱ्या कुणाकडून भरून घे ना, म्बाह," मी एकदा म्हणालो.

"माझं मरण दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ का मग?" ती म्हणाली. "डोळे करून घेते. तेवढ्यासाठी करते. मग तू तुझं पिंप तयार ठेव."

आता नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचा बाजार पाच दिवसांनी फिरतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. पोनला जन्मली ती पोनियेम, वागेला जन्मली ती वागियेम. माझ्या हयातीत गावात सात वागियेम झाल्या आणि कधी कुणाची कुणाशी गल्लत झाली नाही. ही उत्तरेकडची वागियेम, ती दक्षिणेकडची वागियेम. वासिसला सांभाळणारी ती उत्तरेकडची. दक्षिणेकडची वागियेम ओढ्यापलीकडे राहते आणि टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकते. आणि जन्मतारीख? सरकारी ओळखपत्रं निघाली तेव्हा कारकून घरोघर विचारत फिरला. म्हाताऱ्या म्हणाल्या, "वागे होता. भुईमूग उपटत होते. आभाळ होतं." कारकुनाने सगळ्यांपुढे एकतीस डिसेंबर लिहिलं, आणि एका वयाच्या दिसणाऱ्यांना अंदाजाने एकच साल. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी एकदम एका वर्षाने मोठी होतात.

बाप गेल्यावर वासिस शहर सोडून परत आला. पडवीत लॅपटॉप मांडून इथूनच लांबच्या लोकांची कामं करू लागला. दुपारी मी त्याच्याकडे चहाला जायचो. चमेलीचा चहा आणि नारळाच्या गुळाचा खडा. तो त्याचं काम मला समजावून द्यायचा आणि मला ते ऐकायला आवडायचं, कारण तो कामाबद्दल बोलायचा तसं आमच्याकडे फक्त जुने रंगारी बोलत.

"पाकदे," तो मला म्हणायचा, बापाच्या थोरल्या भावाला म्हणतात तसं, "आम्ही काही शून्यातून बांधत नाही. कुणीतरी लांबच्या देशात सांगाडा उभा करून ठेवलेला असतो. फ्रेमवर्क. खांब त्यांचे, वासे त्यांचे. आम्ही नुसत्या भिंती लावतो."

"आणि माणसं?"

"माणसं चौकोनातून आत येतात. लिहिलेलं सांगाडा आधी धुतो. मागचीपुढची रिकामी जागा कापतो, तारखेची तारीख करतो, हो-नाहीचा एक किंवा शून्य करतो. मग ते स्वच्छ झालेलं तेवढं आत ठेवतो."

"आणि धुतलेलं पाणी?"

"ते फेकून देतो. कशाला हवंय?"

मी रंगारी माणूस. धुतलेल्या पाण्यावरून रंग किती बसला ते मला कळतं. पण तेव्हा मला वाटलं, मशीनचं काही वेगळं असेल.

मग आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याने ठरवलं की म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फुकट करायच्या. नावं पुष्कळ, डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, म्हणून यादी हवी आणि यादी चोख हवी. कुणाच्या मेव्हण्याचा नंबर आधी लागता कामा नये. काम वासिसला मिळालं. त्याने तीन आठवड्यांत ते केलं आणि मला बोलावून दाखवलं. निळी पट्टी, पांढरे चौकोन, खाली नंबर आपोआप लागत जाणारे.

"यात ओळखपाळख चालत नाही, पाकदे. मी स्वतः आलो तरी मला पुढे घुसता येणार नाही."

त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. आमच्या भागात ओळखीशिवाय काही हलत नाही, आणि याने ओळख न मानणारं काही तयार केलं होतं.

ग्रामकचेरीच्या ओसरीवर नावनोंदणी झाली. उत्तरेकडची वागियेम पहिल्या दिवशी गेली, ठेवणीतला लांब बाह्यांचा कबाया घालून. दक्षिणेकडची तिसऱ्या दिवशी गेली. मी दोघींनाही जाताना पाहिलं.

दक्षिणेकडचीला दोन महिन्यांत बोलावणं आलं. डोळ्यावर पांढरी वाटी बांधून ती परत आली, आणि आठवड्याने बाजारात टेम्पेवरचं केळीचं पान स्वतः सोडून गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय रे." बाजार हसला. उत्तरेकडचीला बोलावणं आलं नाही.

आमच्या माणसांचा एक स्वभाव आहे. त्याला मी चांगला म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. कचेरीतल्या माणसाला आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही. जी म्हणतो. जी म्हणजे तुम्ही बोललात, मी ऐकलं. त्यापुढचं समोरच्याने आमच्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचं असतं. घरात आम्ही हो रे म्हणतो, हट् म्हणतो, नाही म्हणतो, भांडतो. जी फक्त बाहेरच्यांसाठी.

वागियेम दवाखान्याच्या खिडकीशी तीनदा गेली. तिथे शहरातून आलेली मुलगी बसायची, नीटनेटकी, गोड बोलणारी. हे मला नंतर त्या मुलीनेच सांगितलं, रडत रडत.

"नाव, म्बाह?"

"वागियेम."

मुलीने नाव टाकलं. पडद्यावर आलं: झालं.

"म्बाह, तुमचं झालेलं आहे ना?"

"जी."

"मग आता काही त्रास नाही ना?"

"जी."

मुलीने दोन्ही चौकोनांत खूण केली. वागियेम कडुनिंबाखाली थोडा वेळ बसली आणि घरी आली. झालं म्हणजे नाव नोंदवून झालं, असं ती समजली. तिन्ही वेळा असंच.

आणि दोन घरं सोडून तो बसला होता, ज्याने हे सगळं बांधलं होतं. तो रोज तिला कुंपणाच्या बांबूंवर हात ठेवत ठेवत विहिरीकडे जाताना पाहायचा.

"म्बाह, आलं का बोलावणं?"

"येईल की. तुझी मशीन काय माझी सून आहे, मला विसरायला?"

तो हसायचा. मी त्याला दोनदा म्हणालो, "वासिस, जरा बघ ना तिचा नंबर कुठे अडकलाय. एक बोट दाबायचं काम."

"नाही, पाकदे. आज तिच्यासाठी बघितलं, तर उद्या लुराहच्या सासूसाठी बघावं लागेल." लुराह म्हणजे आमचा गावप्रमुख. "रांग म्हणजे रांग."

मला ते पटलं. इथे कुणी असं बोलत नाही, म्हणून जास्तच पटलं. आणि वागियेमने त्याला कधी विचारलं नाही, कारण तिला वाटायचं, आपण विचारलं तर पोराच्या कामात खोट काढल्यासारखं होईल. एक रांगेच्या मानासाठी गप्प, दुसरी त्याच्या मानासाठी गप्प. असं दीड वर्ष गेलं.

उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी ती अंगणात डोकं धरून बसलेली मला दिसली. उजवा डोळा लालभडक, शेजारी ओकारी. वासिसने मोटरसायकल काढली, मी मागून तिला धरून बसलो आणि आम्ही तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरने बॅटरी डोळ्यांपुढे धरून विचारलं, "म्बाह, उजेड कुठून येतोय? वरून की खालून?"

"जी," वागियेम म्हणाली.

डॉक्टर आमच्याच मुलखातला होता. त्याने बॅटरी विझवली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घरच्या बोलीत विचारलं, "म्हातारे, खरं सांग. काही दिसतंय का?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "डावा तर भात लावला तेव्हाच गेला."

बाहेर येऊन डॉक्टरने आम्हाला समजावलं. मोतीबिंदू पिकून फुगला, त्याने आतला दाब वाढला आणि दाबाने मागची नस मेली. वर्षभर आधी आली असती तर पंधरा मिनिटांचं काम होतं. आता दुखणं थांबवता येईल, दृष्टी नाही.

"यादीत नाव नव्हतं का यांचं?" त्याने विचारलं.

"होतं," वासिस म्हणाला. "मी बघितलं होतं. म्हणजे, बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिंपातून कापड काढत होतो. त्याने पडवीतून हाक मारली. त्या आवाजाने मी निथळते हात तसेच घेऊन गेलो.

"हे बघा."

पडद्यावर एक ओळ होती. वागियेम. एकतीस डिसेंबर. सेंदांगलोवो. झालं.

"ही दक्षिणेकडची," मी म्हणालो. "आपली कुठे आहे?"

"हीच."

"हीच कशी?"

त्याने सांगितलं. ओळखपत्राचे सोळा आकडे टाकल्याशिवाय चौकोन पुढे जाऊ देत नव्हता. म्हाताऱ्यांनी ओळखपत्रं आणली नव्हती. ओसरीवरच्या स्वयंसेवकांनी रांग अडू नये म्हणून सगळ्यांना सोळा शून्यं टाकली. वासिसला ते पहिल्याच दिवशी दिसलं, आणि शून्यांवरून माणूस ओळखता येत नाही म्हणून त्याने दुसरा नियम घातला: नाव तेच, जन्मतारीख तीच, गाव तेच, तर माणूस तेच. सांगाड्यात त्यासाठी तयार सोय होती. तेच माणूस पुन्हा आलं तर जुन्यावर नवं लिहायचं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडची आली आणि उत्तरेकडचीवर लिहिली गेली.

"मग आपली खाली कुठेतरी असेल ना? खरवडून काढ."

"खाली काही नसतं, पाकदे. ते कापड नाही. लिहिलं की आधीचं कधी नव्हतंच, असं होतं." तो पडद्याकडे बघत होता. "वागियेम नावाची बाई मला माहीत नव्हती? एकतीस डिसेंबर मला माहीत नव्हता? माझ्या स्वतःच्या बापाची तारीख तीच होती. हा सांगाडा बांधणाऱ्याला आपला बाजार माहीत नव्हता, ते ठीक. मी तर बाजारातला."

माझ्या हातांतली नीळ त्याच्या फरशीवर ठिबकत होती. ते डाग अजून आहेत. तो पुसू देत नाही.

त्यानंतरचं वर्ष मी त्याच्याबरोबर काढलं म्हणायला हरकत नाही. लांबची कामं त्याने सोडून दिली. कॅसाव्हाच्या पिठाचा तिवुल, गरिबांचा भात, खाऊन राहायचा, मी कधी टेम्पे नेऊन द्यायचो. तो माझ्या पिंपांशी येऊन बसायचा आणि आधी कधी विचारले नव्हते असले प्रश्न विचारायचा.

"मेणाचा चुकून थेंब पडला तर तुम्ही काय करता?"

"तापलेल्या लोखंडाने उचलतात. पण खूण राहते. रंगात घातलं की दिसते."

"म्हणजे चूक जात नाही."

"जात नाही. चांगली बाई तिच्या बाजूने पान काढते, नाहीतर पाखरू."

"आणि पहिली रेघ?"

"ती मरेपर्यंत राहते. वरून तीन रंग चढव, उलट बाजूला दिसतेच."

तो मान हलवायचा आणि निघून जायचा.

त्याने नवं बांधलं. सांगाडाच नवा. मला जितकं कळलं तितकं सांगतो. त्यात प्रत्येक गोष्टीला दोन खण होते. पहिल्या खणात माणूस जे बोललं ते, जसंच्या तसं, ज्याने लिहून घेतलं त्याच्या नावासकट: "वागे होता, भुईमूग उपटत होते." दुसऱ्या खणात त्यावरून मशीनला काय वाटलं ते. दुसरा खण कितीही वेळा बदलावा, पहिल्याला कुणी हात लावायचा नाही. दोन माणसं सारखी दिसली तर मशीन त्यांना एक करणार नाही; गावातल्या कुणाला तरी विचारणार, "ह्या दोघी एक की दोन?" माहीत नाही असं उत्तर चालणार. रिकामं चालणार. आणि म्हाताऱ्या माणसाने जी म्हटलं तर ते हो म्हणून धरायचं नाही. पहिल्या खणात जी तसंच ठेवायचं, दुसरा खण रिकामा सोडायचा, आणि शेजाऱ्याने घरी जाऊन घरच्या बोलीत पुन्हा विचारेपर्यंत तो रिकामाच राहणार.

"सगळे जण, पाकदे, माणूस चौकोनात आलं की तिथेच त्याचं काम संपलं असं धरतात," तो म्हणाला. "माणूस म्हणजे मशीनला घातलेला घास. मी उलटं धरलंय. माणूस बोललं ते खरं, मशीनला कळलं तो नुसता अंदाज."

ते घेऊन तो दवाखान्यात गेला. मी बरोबर होतो. तिथल्या मुख्य कारकून बाई, बू रेत्नानिंग, समजूतदार होत्या. त्यांनी पूर्ण बघितलं. वागियेमचं त्यांनाही ठाऊक होतं.

"मास वासिस," त्या दादा म्हणावं तसं म्हणाल्या, "एका माणसाला किती वेळ लागतो याला?"

"सहा मिनिटं. आणि शेजारी घरी जाणार तो वेगळा."

"जुन्याला?"

"चाळीस सेकंद."

बू रेत्नानिंगनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वरून महिन्याला आकडा मागतात. रिकामे खण दिसले की विचारतात, काम का झालं नाही. मी काय सांगू त्यांना? की म्हातारी जी म्हणाली?"

"हो. तेच सांगा."

"तुम्ही सांगून बघा वर," त्या म्हणाल्या, रागाने नव्हे, थकून. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जुन्यात तेवढं दोन नावांचं दुरुस्त करून द्या. बाकी असू दे."

त्याने दुरुस्त करून दिलं. ते अजून चालू आहे. नवं त्याच्या लॅपटॉपवर आहे आणि त्यात फक्त आमचं गाव आहे, कारण तो स्वतः एकेका घरी जाऊन विचारतो. कुणी ते मागितलेलं नाही.

वागियेमला अजून काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, म्हातारपण आलं, डोळे गेले, एवढंच. दर वागेला, तिच्या जन्मवाराला, वासिस तिच्याकडे जायचा, चहा करून तिच्या हातात द्यायचा. बांबूच्या दांडीवर ते अर्धं कापड लटकलेलं असायचं. ती बोटांनी चाचपून मेणाची कड शोधायची, जिथे आपला हात थांबला ती. एकदा तिने तिथून पुढे लिहायचा हट्ट केला. कढईत बोटं भाजली, कापडावर मेणाचा ओघळ उतरला. पुन्हा तिने लेखणी मागितली नाही.

"मी तिला सांगणार आहे," वासिस मला म्हणाला.

"कशाला? तिला परत दिसणार आहे का?"

"नाही."

"मग? ती शांत आहे. तिची शांतता तू स्वतःच्या पोटातलं ओझं उतरवायला मोडणार?"

हे मी बोललो. त्याचा मला आज पस्तावा नाही आणि अभिमानही नाही. तो चार वागे थांबला. पाचव्या वागेला मला म्हणाला, "पाकदे, चला. मी बोललो ते जसंच्या तसं ऐकायला कुणी हवं."

सकाळची वेळ होती. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. वागियेम चटईवर पाय लांब करून बसली होती. वासिस तिच्यापुढे जमिनीवर बसला, मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर, दरबारात बसावं तसा. आणि त्याने सगळं सांगितलं: शून्यं, तारीख, दक्षिणेकडची, आपला नियम. त्याने कुठे स्वतःला सोडवलं नाही. मी तुझा नंबर बघितला नाही, हेही सांगितलं.

बोलताना तो हळूहळू घरची बोली सोडून मोठ्या माणसांपुढची आदराची भाषा बोलू लागला. त्याच्या लक्षात आलं नसावं. अपराधी माणसाची जीभ आपोआप तिकडे जाते.

वागियेम ऐकत होती. तिच्या पायाचा अंगठा एकदा हलला, ज्याला ती शेला बांधायची तो. ओढ लागल्यासारखा.

"दक्षिणेकडचीला दिसतं का रे?" तिने मला विचारलं. त्याला नाही, मला.

"दिसतं, म्बाह. लांबचं बटणसुद्धा दिसतं."

"बरं झालं. तिच्यामागे करणारं कुणी नाही." मग ती बांबूच्या दांडीकडे तोंड करून बसली, जसं काही ती नक्षी वाचत होती. शेवटी म्हणाली, "ते कापड आता उतरवा. धूळ खातंय."

मी उठून ते उतरवलं आणि घडी केली. अर्ध्या कापडावर मेण, अर्धं पांढरं.

वासिस पुढे वाकला. कपाळ जवळजवळ तिच्या गुडघ्याला लागलं. "म्बाह, मला क्षमा कराल?"

वागियेमने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान किंचित लववली.

"जी," ती म्हणाली.

चहा तसाच गार झाला. आम्ही बाहेर पडलो. कुंपणाशी तो थांबला आणि मला विचारलं, "पाकदे, तुम्ही ऐकलंत ना? काय म्हणाली?"

"जी म्हणाली."

"मला आजवर कधी ती जी म्हणाली होती?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "नाही," मी म्हणालो.

त्याला दीड वर्ष झालं. वागियेम अजून आहे. माझ्याशी नेहमीसारखी बोलते, मला हट् म्हणते, माझ्या निळ्या हातांना नावं ठेवते. वासिस दर वागेला जातो, चहा करून देतो. ती त्याला जी म्हणते. आदराने म्हणते, गोड म्हणते. तो आदराच्या भाषेत बोलला म्हणून तिनेही त्याच भाषेत उत्तर दिलं आणि तीच सवय पडली, असंही असेल. तिने त्याला खिडकीपलीकडच्या माणसांत बसवून टाकलं, असंही असेल. घरी जाऊन घरच्या बोलीत पुन्हा विचारायचं असतं, हे त्यानेच मला शिकवलं. मी एकदा विचारलंही, "म्हातारे, पोराला खरंच क्षमा केलीस का?" ती म्हणाली, "तुझं पिंप बघ जा, नीळ नासेल."

परवा दुपारी मी त्याच्या पडवीत गेलो. लॅपटॉप उघडा होता, त्याचं ते नवं काम, आमच्या गावाचं. उत्तरेकडची वागियेम, तिची स्वतःची ओळ. पहिल्या खणात तिचे शब्द होते, भुईमुगापासून. सगळ्यांत खाली, त्या सकाळची तारीख आणि एक शब्द: जी. लिहून घेणारा, वासिस. ऐकणारा म्हणून माझं नाव.

दुसरा खण रिकामा होता. पडद्यावर कुठेही लाल अक्षरं नव्हती.